सात वर्षं उभी असलेली गाडी सुरू केली, पांढरा धूर थांबत नाही. कुठून शोधायला लागू?

रानपाखरू
नमस्कार मंडळी. वडिलांची १९९३ची पेट्रोल गाडी आहे. चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. वडील गेले आणि गाडी सात वर्षं झाकून उभी राहिली. गेल्या महिन्यात हात घातला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं (व्हार्निशसारखा आंबूस वास येत होता), टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं आणि क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. मोकळं होतं. मग इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, बॅटरी सगळं नवीन.

तिसऱ्या चावीला सुरू झाली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

पण मागून पांढरा धूर येतो, आणि भरपूर येतो. पहिली पाच मिनिटं म्हटलं साठलेलं पाणी असेल. वीस मिनिटं झाली, तापमानाचा काटा मधोमध आला, पंखाही एकदा लागून गेला, तरी धूर आहेच. शिवाय थंड इंजिनला पुढून टिक-टिक आवाज येतो, तो गरम झाल्यावर जातो. आणि रेस दिली की मागे सायलेन्सरमध्ये काहीतरी खुळखुळतं.

एका मेकॅनिकला दाखवली. त्याने धूर बघितला आणि लगेच म्हणाला, हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवू. गेलं असेलही. पण खात्री झाल्याशिवाय वडिलांनी जपलेलं इंजिन उघडायला मन धजत नाही. तुम्ही असता तर कुठून सुरुवात केली असती?

चाकोरी
आधी धूर आहे की वाफ ते बघा. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच, लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. इंजिन आणि पाइप थंड असले की ते आत साठतं आणि नंतर उकळून निघतं. सात वर्षं उभ्या गाडीत तर सायलेन्सरच्या पोटात आधीचंही साठलेलं असू शकतं. वाफ पाइपपासून हातभर अंतरावर विरून जाते. धूर तरंगत राहतो.

रानपाखरू
@चाकोरी, तरंगत राहतो. गाडीच्या मागे ढग धरून राहतो आणि हळूहळू पसरतो. डोळे चुरचुरतात.

सायली_म
मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण हे आधी वाचा. गाडी कुठे सुरू करताय? बंद शेडमध्ये असेल तर आजपासून ढकलून बाहेर काढून मगच सुरू करा.

माझा मोठा भाऊ असाच जुन्या गाडीवर काम करत होता. शटर अर्धं उघडं होतं, म्हणजे हवा येतेय असं त्याला वाटलं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, त्याला वाटलं उपाशीपोटी काम केल्यामुळे असेल. वहिनी हाक मारायला गेली तेव्हा तो मडगार्डला टेकून बसला होता आणि त्याला उठता येत नव्हतं. दवाखान्यात ऑक्सिजन लावून ठेवला होता. वाचला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. तुम्हाला दिसतोय तो धूर, मारतो तो न दिसणारा वायू.

आणि टिक-टिक आवाज म्हणजे पुढे इंजिनापाशी धुराच्या पाइपच्या जोडातून गळती असेल तर तो वायू हीटरच्या हवेबरोबर थेट आत येऊ शकतो. जमिनीचा पत्रा गंजला असेल तर खालूनही येतो.

रानपाखरू
सायलीताई, शेडमध्येच करत होतो, दार उघडं ठेवून. आजच बाहेर काढली. मनापासून आभार.

पाना_नंबर_१३
छान केलंत की हेड उतरवू दिलं नाहीत. मी या कामात चाळीस वर्षं घालवली आहेत आणि विनाकारण उतरवलेली हेडं इतकी बघितली आहेत की हा विषय निघाला की मला राहवत नाही.

रंगाचं गणित बहुतेकांना माहीत असतं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑइल, पांढरा म्हणजे कूलंट. हे अर्धंच ज्ञान आहे. रंगाबरोबर वेळ बघायची. उभ्या गाडीत काळा धूर आला तर चोक अडकलाय का आणि फ्लोटची सुई बसतेय का हे बघावं. निळा धूर फक्त सुरू करताना भपकन आला आणि गेला तर वॉल्वचे सील कडक झालेत. रेस देताना सतत निळा येत असेल तर रिंगा. आता उभ्या गाडीत रिंगा खाचेत चिकटून बसतात, त्या झिजलेल्या नसतात! दोन-तीनशे किलोमीटर नीट चालवल्यावर अनेकदा आपोआप सुटतात. अशा इंजिनाचं पिस्टन बाहेर काढणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

पांढऱ्यासाठी क्रम असा. थंड इंजिनवर कूलंटची पातळी खडूने खूण करून ठेवा. तीन दिवस चालवा, पुन्हा बघा. ऑइलची पट्टी काढा, दुधाळ आहे का? पातळी वाढलीय का? वाढली असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा उभ्या उभ्या कुजतो आणि पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. ते ऑइल पातळ होऊन बेअरिंगं खातं, म्हणून हे आधी. मग चारही प्लग काढून ओळीने मांडा. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जातं त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, बाकीचे तपकिरी असतात. एवढं करून इथे लिहा.

उनाड_वारा
काका, रेडिएटरच्या तोंडाशी निळं रसायन धरून बघायची चाचणी असते ना? कूलंटमध्ये जळका वायू येत असेल तर कार्बन डायऑक्साइडमुळे ते पिवळं होतं. ती केली की विषय संपला.

पाना_नंबर_१३
बरोबर. फक्त कूलंट थोडं खाली काढून घ्यायचं, नळीत ओढलं गेलं तर रसायन वाया. आणि इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही, थंड असतानाच काढून मग सुरू करायचं.

घाटरस्ता
खुळखुळ आवाजाबद्दल माझा अनुभव. काकांची गाडी पाच वर्षं उभी होती. सुरू व्हायची, आयडलला व्यवस्थित, पण रस्त्यावर घेतली की दम नाही. दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. आम्ही प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर सगळं बदललं. एक महिना गेला.

शेवटी एका ओळखीच्या माणसाने इन्टेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणारा पाइप) तिथली ओढ मोजणारा व्हॅक्यूम मीटर लावला. आयडलला काटा १८ इंचांवर स्थिर, निरोगी इंजिनासारखा. २५०० आरपीएमला नेऊन तिथेच धरल्यावर काटा हळूहळू खाली यायला लागला. १५, १३, १०... तो म्हणाला, आत येणारी हवा बाहेर जात नाहीये, मागचा पाइप सोडा. मधला सायलेन्सर खाली उतरवून उभा धरला तर त्यातून जोंधळ्याचे दाणे, चिंध्या, सुतळी आणि गवत पडत राहिलं. उंदरांनी पाच वर्षं कोठार भरलं होतं. चुलत बहीण म्हणाली, त्यांना आधी नोटीस द्यायला हवी होती.

टकटक
😄 आमच्याकडे उंदीर नव्हे, कुंभारीण माशी. पाइपच्या तोंडात मातीचं घर, वाळून वीट झालेलं. काठीने फोडून काढलं.

शून्यप्रहर
घाटरस्ता यांच्याशी सहमत, पण पाइप चोंदल्याने पांढरा धूर येत नाही. आणि खुळखुळ म्हणजे नेहमी घरटंच असं नाही. सायलेन्सरच्या आतले पडदे गंजून सुटतात. सायलेन्सर बाहेरून कमी आणि आतून जास्त कुजतो, कारण पाण्याबरोबर ज्वलनातून आलेली आम्लंही तिथेच साठतात. थंड असताना रबरी हातोडीने हलकं ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक, भुसभुशीत पत्र्यासारखा बद्द आवाज आला तर गेलाय.

बऱ्याच सायलेन्सरच्या तळाला पाणी निथळायला बारीक छिद्र असतं. ते चोंदलं की आत तळं होतं. लोक ते गळतीचं भोक समजून वेल्डिंगने बुजवतात. कृपा करून बुजवू नका.

चाकोरी
दुहेरी पाइपचीही एक गंमत असते. आतला पाइप चेपून बसतो, बाहेरून ठणठणीत दिसतो. असा एक शोधायला मला दोन आठवडे लागले.

उनाड_वारा
मूळ चूक गाडी सात वर्षं सुरूच न करणं ही आहे. आठवड्याला पाच मिनिटं सुरू ठेवली असती तर हे काहीच झालं नसतं.

शून्यप्रहर
असहमत, आणि ठामपणे असहमत. पाच मिनिटांत पाइपच काय, इंजिन ऑइलही धड तापत नाही. पाणी तयार होतं पण उडून जात नाही. दर आठवड्याला सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये थोडं थोडं पाणी भरण्याचाच तो कार्यक्रम आहे. एकतर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा, नाहीतर अजिबात हात लावू नका.

उनाड_वारा
पण सील वाळतात, बॅटरी जाते, त्याचं काय?

पाना_नंबर_१३
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. रबर वाळतं हे खरं. पण त्यावर उपाय गाडी चालवणं आहे, जागेवर घरघर करत ठेवणं नव्हे. जागेवर सुरू ठेवून ब्रेक, क्लच, चाकांची बेअरिंगं यांपैकी काहीच हलत नाही. ज्यांना चालवणं शक्य नाही त्यांनी ऑइल बदलून, टाकी काठोकाठ भरून किंवा पूर्ण रिकामी करून, पाइपचं तोंड जाळीने बंद करून ठेवावी. जाळीला लाल चिंधी बांधा, म्हणजे सुरू करताना काढायची विसरत नाही.

निशाणी
टाकीवरून विचारते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ठेवलं तर काय होतं? माझी स्कूटर वर्षभर उभी आहे.

चाकोरी
इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. दहा टक्के इथेनॉल असेल तर साधारण अर्धा टक्का पाणी मुरेपर्यंत सगळं एकजीव राहतं, त्यापुढे पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. काचेच्या बाटलीत थोडं काढून तासभर ठेवा. दोन थर दिसले तर सगळं काढून टाका.

रानपाखरू
काका, सांगितलेलं सगळं केलं.

कूलंट तीन दिवसांत खुणेपासून हललेलं नाही. निळ्या रसायनाची चाचणी दोनदा केली, निळंच राहिलं. ऑइल स्वच्छ, पातळी तेवढीच, पेट्रोलचा वास नाही. प्लगमध्ये मात्र फरक आहे. एक, दोन, तीन नंबर तपकिरी, चार नंबरचा स्वच्छ, थोडा ओलसर. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरला जवळजवळ सारखं.

टिक-टिक आवाजाची जागा सापडली. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका वायू बाहेर नेणारा पाइप) आणि हेडच्या जोडावर मागच्या टोकाला काजळीचा काळा फराटा आहे.

म्हणजे चौथ्या सिलिंडरमध्ये काहीतरी जातंय, पण कूलंट कमी होत नाही. मेकॅनिक अजूनही हेडच म्हणतोय. मला समजत नाहीये.

उनाड_वारा
चार नंबरच्या वॉल्वचे सील?

पाना_नंबर_१३
मग धूर निळा आला असता आणि प्लगवर काळा चिकट थर दिसला असता. स्वच्छ नाही राहणार. थांबा, मला विचार करू द्या.

निळीशाई
गेले चार दिवस वाचतेय, पहिल्यांदाच लिहिते. एक विचारू? ब्रेक ऑइलची पातळी किती आहे?

रानपाखरू
ब्रेक ऑइल? गाडी बाहेर काढायच्या आधी भरलं होतं. परवा बघितलं तेव्हा बोटभर खाली होतं, पुन्हा भरलं. चारही चाकांपाशी ओल नाही, खाली थेंब नाही. पण ब्रेकचा आणि धुराचा काय संबंध?

निळीशाई
खाली थेंब नाही आणि पातळी उतरते, तर मग ते जातं कुठे?

ब्रेकच्या पेडलपुढे मोठा गोल डबा असतो, बूस्टर. त्यातून एक जाड नळी इंजिनाच्या इन्टेक मॅनिफोल्डला जाते, कारण बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. बूस्टरच्या पुढे मास्टर सिलिंडर. त्याचा मागचा सील फाटला की ब्रेक ऑइल बाहेर न गळता बूस्टरमध्ये उतरतं. तिथून इंजिन ते त्या नळीतून ओढून घेतं आणि जाळतं. दाट पांढरा धूर येतो, डोळे चुरचुरतात, आणि वास हेड गॅस्केट गेल्यावर जळणाऱ्या कूलंटसारखाच किंचित गोडसर, कारण कूलंटसारखं ब्रेक ऑइलही ग्लायकॉलच्याच घराण्यातलं. नळी मॅनिफोल्डला ज्या सिलिंडरच्या जवळ जोडलेली असते त्याचाच प्लग धुतलेला दिसतो.

आमच्या घरच्या गाडीचं हेड यासाठी एकदा उतरवून, घासून, पुन्हा बसवलं गेलं होतं. त्यानंतरही धूर तसाच होता. म्हणून विचारलं.

ब्रेक जाम झाले होते का तुमचे? आणि ते सोडवायला पेडल जोरात दाबलंत का?

रानपाखरू
हो. मागची चाकं धरली होती. पंधरा-वीस वेळा पेडल पार तळापर्यंत दाबलं.

पाना_नंबर_१३
निळीशाई, शाबास! मला हे सुचायला हवं होतं.

रानपाखरू, रोजच्या वापरात पिस्टन मास्टर सिलिंडरच्या काही भागातच ये-जा करतो. त्यापुढचा भाग वर्षानुवर्षं न घासलेला. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे तिथे बारीक गंज बसतो. पेडल तळापर्यंत दाबलं की वाळलेले सील त्या गंजावरून फरफटतात आणि कापले जातात. जुन्या गाडीचं पेडल कधीही तळापर्यंत दाबू नये ते यासाठी. खाली लाकडी ठोकळा ठेवावा.

आता बघा. इंजिन बंद, बूस्टरची नळी काढा, आतून ओली आहे का? मग दोन नट सोडून मास्टर सिलिंडर पुढे ओढा, पाइप न तोडता जेवढा येईल तेवढा, आणि मागची बाजू बोटाने पुसा. रंगावर थेंब पडू देऊ नका, रंग उचलतो. आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही. धूर राहू द्या बाजूला, ब्रेकचा प्रश्न आहे हा.

सायली_म
काकांच्या शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन.

रानपाखरू
नळी आतून ओली. मास्टर सिलिंडरची मागची बाजू ओली आणि तिथला रंग फुगून सुटलेला. बूस्टरमध्ये पिचकारीची नळी घालून ओढलं तर जवळजवळ कपभर ब्रेक ऑइल निघालं, चहाच्या रंगाचं.

हात थरथरत होते माझे. या गाडीत परवा मी आईला बसवून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आणणार होतो.

निळीशाई
आत एवढं साठलं होतं म्हणजे बूस्टरचा रबरी पडदाही तपासून घ्या. नळी जोडून इंजिन सुरू करा, मिनिटभराने बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि पेडल दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ लागायला हवेत. पहिल्याच दाबाला कडक लागलं तर बूस्टर किंवा नळीतला व्हॉल्व व्हॅक्यूम धरत नाहीये.

रानपाखरू
दहा दिवसांनी लिहितोय. मास्टर सिलिंडर नवीन, बूस्टर नवीन (पडदा फुगला होता), चारही चाकांचे सील आणि रबरी पाइप नवीन, सगळं ब्रेक ऑइल बदललं. काल सुरू केली. धूर आहेच! कमी आहे, पण आहे. अजून काही राहिलं का?

पाना_नंबर_१३
घाबरू नका. इतके दिवस जे अर्धवट जळलं ते सायलेन्सरच्या भिंतींना चिकटलंय. ते तापून उडायला वेळ लागतो, आणि जागेवर तापत नाही. नवीन ब्रेक आधी बंद आवारात हळू वेगात चार-पाच वेळा मारून बघा, मग अर्धा तास चालवा. ब्रेक ऑइलच्या पातळीवर खूण करून निघा.

घाटरस्ता
आणि खुळखुळ? आमचे उंदीर निघाले का?

रानपाखरू
मागचा सायलेन्सर खाली घेतला होता. उंदीर नाहीत, शून्यप्रहर म्हणाले तसा आतला पडदा सुटला होता. तळाचं छिद्र गंजाने चोंदलं होतं, खिळ्याने मोकळं केल्यावर तांबडं पाणी आलं, पेलाभर. पत्रा ठोकल्यावर बद्द वाजतो, म्हणून सायलेन्सर बदलतोय.

मॅनिफोल्डच्या जोडाला मागच्या टोकाचा नटच नव्हता, नुसता स्टड होता. त्या स्टडवर गंज चढलाय. जोर लावू का?

पाना_नंबर_१३
मुळीच नको, मोडला तर हेडमध्ये ड्रिल मारावं लागेल. आठ दिवस रोज गंज सोडवणारं तेल सोडा. मधे एकदोनदा इंजिन गरम होऊन थंड होऊ द्या, आकुंचन-प्रसरणाने गंज सैल होतो. तेल इंजिन थंड असताना सोडायचं, गरम मॅनिफोल्डवर पडलं तर पेटतं. मग तारेच्या ब्रशने आटे साफ करून नवीन नट हाताने बसतोय का बघा. हाताने बसला तरच पाना लावा. गॅस्केट मात्र नवीन घाला, काजळीचा फराटा आला म्हणजे ते जळलेलं असणार.

निशाणी
स्कूटरच्या बाटलीत दोन थर दिसले. टाकी रिकामी केली. धन्यवाद चाकोरी.

रानपाखरू
आज चाळीस किलोमीटर चालवली. पंचवीसच्या आसपास धूर विरळ झाला, परत आलो तेव्हा बंद. ब्रेक ऑइल खुणेवर, कूलंट खुणेवर. थंड झाल्यावर चौथा प्लग काढला, तो आता बाकी तिघांसारखाच तपकिरी होतोय.

टिक-टिक अजून आहे. स्टडला तेल सोडण्याचा आज तिसरा दिवस.